वाट कोणी पाहायची? धरण्यापासून बँक लोकपालापर्यंत

१/
वर्ष १८०९. स्टॉकहोममध्ये स्वीडनची नवी राज्यघटना आकार घेत होती आणि 'ओम्बुड्समन' या पदाला प्रथमच संसदेचा आधार मिळत होता. त्याच वर्षी राजपुतान्यात दौलतराव शिंद्यांची छावणी मुक्कामामागून मुक्काम करीत होती आणि थकलेल्या पगारासाठी तिथे धरणे धरले जात होते. या दोन दृश्यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. दोन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र एकच होता: ज्याचे येणे अडले आहे, त्याने किती काळ वाट पाहायची?

२/
भारतात बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेण्यापूर्वी ती आधी बँकेकडेच नोंदवावी लागते. बँकेने ती फेटाळली, तिच्या उत्तराने समाधान झाले नाही, किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तरच लोकपालाचे दार उघडते. हे ३० दिवस कोणाला दीर्घ वाटतात, कोणाला अल्प. ते मुळात आले कुठून, आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे काय घडले, याचा हा इतिहास.

३/
आरंभ शिंद्यांच्या छावणीपासून. टॉमस ड्यूअर ब्रॉटन हा तिथल्या ब्रिटिश रेसिडेंटच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी. त्याने १८०९ मध्ये लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पगार महिनोन्‌महिने थकणे ही त्या काळच्या फौजांची नित्याची स्थिती होती, आणि वसुलीच्या ज्या देशी रीती या परक्या अधिकाऱ्याने नोंदवल्या, त्यांत धरणे ही ठळक होती.

४/
धरण्याची रीत साधी आणि कठोर. येणेकरी देणेकऱ्याच्या दाराशी जाऊन बसे व अन्नत्याग करी. तो उपाशी असेपर्यंत घरातल्यानेही जेवायचे नाही, असा संकेत होता. दाराशी बसलेला माणूस उपासाने मेला, तर त्याचे पाप घरधन्याच्या माथी. येणेकरी ब्राह्मण असला, तर ब्रह्महत्येच्या भयाने हे दडपण कैकपटींनी वाढे.

५/
ब्रिटिश राज्यकर्त्यांना हा प्रकार धाकदपटशाचा वाटला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ५०८ हे दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावण्याविषयीचे. त्या कलमाखाली उदाहरण म्हणून दाराशी धरणे धरणाऱ्या माणसाचेच वर्णन दिले गेले. येणेकऱ्याने आता दाराऐवजी दिवाणी न्यायालयात जावे, अशी अपेक्षा होती. तिथे दोन्ही पक्षांच्या जेवणावर कसलेही बंधन नव्हते आणि तारखांना अंत नव्हता.

६/
धरण्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. त्यात दुर्बलाचा जीव पणाला लागे आणि जातीचे बळही वापरले जाई. परंतु एक गोष्ट त्या प्रथेने अचूक ओळखली होती. प्रतीक्षा एकट्या येणेकऱ्याच्या वाट्याला आली, तर देणेकऱ्याला घाई करण्याचे कारणच उरत नाही. उपास दोन्हीकडे असेल, तरच हिशेब लवकर मिटतो.

७/
आता स्वीडन. १७०९ मध्ये पोल्टावाच्या लढाईत रशियाकडून पराभूत झालेला राजा बारावा चार्ल्स ऑटोमन साम्राज्याच्या आश्रयाला गेला आणि तिथेच कित्येक वर्षे अडकला. मायदेशी अधिकारी मनमानी करीत आहेत, ही चिंता त्याला होती. १७१३ मध्ये त्याने तुर्की भूमीवरूनच एक हुकूम काढून आपल्या अनुपस्थितीत अधिकाऱ्यांवर नजर ठेवणारा 'सर्वोच्च ओम्बुड्समन' नेमला. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ प्रतिनिधी.

८/
तो प्रतिनिधी राजाचा होता, प्रजेचा नव्हे. १८०९ च्या राज्यघटनेने हे नाते बदलले. राजाच्या कारभारावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र ओम्बुड्समन आता संसद निवडणार होती. १८१० मध्ये लार्स ऑगस्टिन मॅनरहाइम या पदावर आला. न्यायालयाची पायरी न चढताही सामान्य माणसाला अधिकाऱ्याविरुद्ध दाद मागता यावी, ही कल्पना अशी संस्थारूप झाली.

९/
ही कल्पना स्वीडनबाहेर पडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. पहिल्या महायुद्धानंतर फिनलंडने, १९५५ मध्ये डेन्मार्कने, १९६२ मध्ये न्यूझीलंडने ती स्वीकारली. भारतात तिचे बारसे १९६३ मध्ये झाले. लोकसभेतील चर्चेत लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी 'लोकपाल' हा शब्द योजला. पुराणांत दिशांच्या रक्षकांना असलेले हे नाव आता प्रजेच्या गाऱ्हाण्यांच्या रक्षकाला मिळाले.

१०/
१९६६ मध्ये मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल व राज्यांत लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्तांचा कायदा केला. केंद्रात मात्र विधेयके मांडली जात आणि बारगळत. लोकपाल कायदा संमत झाला २०१३ मध्ये, आणि पहिल्या लोकपालांची नियुक्ती झाली २०१९ मध्ये. शिफारशीनंतर ५३ वर्षांनी.

११/
इतिहासाची गंमत अशी की, तोवर लोकपाल हे नाव देशभरातील बँकांच्या शाखांत फलकांवर लागून दोन दशके उलटली होती. मंत्र्यांवर नजर ठेवणारा लोकपाल येण्याच्या कितीतरी आधी चेक न वटल्याची, व्याज चुकीचे लावल्याची, निवृत्तिवेतन अडल्याची तक्रार ऐकणारा लोकपाल येऊन बसला होता. सामान्य भारतीयाला हा शब्द प्रथम भेटला तो पासबुकाच्या निमित्ताने.

१२/
बँकांना अशा लोकपालाची गरज का भासली? १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० मध्ये आणखी सहा बँकांचे. १९६९ मध्ये देशात व्यापारी बँकांच्या आठ हजारांच्या आसपास शाखा होत्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. शेतकरी, शिक्षक, गिरणी कामगार आणि निवृत्त शिपाई हे सारे प्रथमच खातेदार झाले. हे यश फार मोठे होते.

१३/
त्या यशाची सावलीही लांब होती. पितळी टोकन हातात धरून बाकावर बसणे, बाहेरगावचा चेक वटण्यासाठी आठवडे मोजणे, पासबुक भरून घेण्यासाठी पुन्हा एक खेप घालणे, या गोष्टी नव्या खातेदाराच्या आयुष्याचा भाग झाल्या. रोजंदारीवरच्या माणसासाठी बँकेची एक खेप म्हणजे बुडालेला एक रोज. काउंटरपलीकडच्या पगाराला मात्र त्या खेपेने काहीही फरक पडत नव्हता.

१४/
या असमतोलाकडे कोणाचेच लक्ष नव्हते, असे नाही. १९७० च्या दशकात आर. के. तलवार यांच्या कार्यगटाने बँकांतील ग्राहकसेवेचा अभ्यास केला. त्याच दशकात पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, मुंबईतही ग्राहक पंचायत रुजली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. १९९० मध्ये नेमलेल्या गोईपोरिया समितीने पुन्हा एकदा ग्राहकसेवेचाच विषय हाती घेतला. या समित्यांच्या शिफारशींत कामाच्या वेळा आणि चेकचे पैसे जमा होण्याचा काळ हे विषय वारंवार येतात. खातेदाराचे गाऱ्हाणे बहुतांशी घड्याळाशी आणि दिनदर्शिकेशी निगडित होते.

१५/
भारताआधी हा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. तिथे १९८१ मध्ये काही विमा कंपन्यांनी स्वेच्छेने विमा ओम्बुड्समन नेमला. १९८६ पासून बँकांनीही स्वतःच्या खर्चाने बँकिंग ओम्बुड्समनचे कार्यालय चालवले. स्वीडनमध्ये सरकारवर नजर ठेवण्यासाठी जन्मलेले पद आता खासगी कंपन्यांच्या दारात उभे राहिले. या कार्यालयापुढे लवकरच एक पेच आला, आणि तो यंत्राने निर्माण केलेला होता.

१६/
एटीएममधून आपण न काढलेले पैसे खात्यातून गेले, अशा तक्रारी येऊ लागल्या. वृत्तपत्रांनी त्यांना 'भुताने काढलेले पैसे' अशा अर्थाचे नाव दिले. बँकांचे उत्तर ठाम असे: यंत्र चुकत नाही, पैसे ग्राहकाने किंवा त्याच्या घरातल्याच कोणीतरी काढले असणार. बँकेच्या नोंदी बँकेपाशी, यंत्रे बँकेची, तपासणारेही बँकेचे. ग्राहकापाशी होता केवळ त्याचा शब्द.

१७/
पूर्व इंग्लंडमधील एका पोलीस शिपायाची कथा या काळाची साक्ष आहे. १९९२ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर खात्यातून परस्पर पैसे गेल्याचे त्याला दिसले. त्याने तक्रार केली. संस्थेने आपली संगणकप्रणाली निर्दोष असल्याचे सांगितले, आणि खोटी तक्रार करून पैसे उकळू पाहतो, असा आरोप त्याच्यावरच आला. १९९४ मध्ये तो दोषी ठरला. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला ती संगणकप्रणाली तपासू देण्यास संस्थेने नकार दिला, आणि १९९६ मध्ये अपिलात तो सुटला.

१८/
चार वर्षे. तक्रार करण्याचे धैर्य दाखवणाऱ्या माणसाने आरोपी म्हणून काढलेली चार वर्षे. केंब्रिजचे संगणकतज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी त्याच सुमारास दाखवून दिले की, अशा प्रणाली गणिती त्रुटींपेक्षा हलगर्जी कारभारामुळेच अधिक फसतात. पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न प्रतीक्षेशी किती घट्ट बांधलेला आहे, हे या प्रकरणाने दिसले. सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, ताटकळतो तोच.

१९/
भारतात बँकिंग लोकपाल योजना १४ जून १९९५ पासून लागू झाली. बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ३५-अ खालील अधिकार वापरून रिझर्व्ह बँकेने ती आणली. त्या वेळी गव्हर्नर होते सी. रंगराजन. उदारीकरणाची पहिली वर्षे होती, १९९२ च्या रोखे घोटाळ्याची आठवण ताजी होती आणि खासगी क्षेत्रात नव्या बँका येत होत्या. ग्राहकाचा विश्वास ही आता केवळ सौजन्याची बाब राहिलेली नव्हती.

२०/
योजनेचा गाभा तीन गोष्टींत होता. तक्रारीला शुल्क नाही. वकिलाची आवश्यकता नाही. लोकपालाने आधी समेट घडवून पाहायचा, तो न झाल्यास निवाडा द्यायचा. निवाडा तक्रारदाराने स्वीकारला, तरच तो बँकेवर बंधनकारक. न स्वीकारल्यास न्यायालयाचा वा ग्राहक मंचाचा मार्ग त्याला मोकळा. भरपाईची कमाल मर्यादा होती १० लाख रुपये.

२१/
अनेक वर्षे संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठी लोकपालाचे कार्यालय एकच होते, मुंबईत. गडचिरोलीतील शेतकऱ्याचा अर्ज आणि पणजीतील शिक्षिकेचा अर्ज एकाच टपालात येऊन पडत. न्याय विनामूल्य होता, पण तो फार लांब राहत होता. कोणत्या कागदाची प्रत जोडायची, अर्ज कोणत्या भाषेत लिहायचा, बँकेला दिलेल्या पत्राची पोचपावती जपून ठेवली आहे का, अशा बारीक गोष्टींवर अनेकांचे भवितव्य ठरे.

२२/
१ जानेवारी २००६ पासून सुधारित योजना आली. खर्चाचा भार पूर्णतः रिझर्व्ह बँकेने उचलला आणि लोकपाल म्हणून तिचेच वरिष्ठ अधिकारी काम पाहू लागले. क्रेडिट कार्डांच्या तक्रारी कक्षेत आल्या, ई-मेलने तक्रार करता येऊ लागली. परिणाम आकड्यांत दिसतो: २००४-०५ मध्ये देशभरातून साडेदहा हजारांच्या आसपास तक्रारी आल्या होत्या, २००६-०७ मध्ये त्या ३८ हजारांच्या वर गेल्या.

२३/
दार रुंद केले की रांग वाढते, हा या संस्थेच्या इतिहासातील अटळ नियम आहे. वाढलेल्या आकड्यांवरून बँका अचानक वाईट झाल्या, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. इतके दिवस जे मुकाट्याने सोसले जात होते, ते आता कागदावर येऊ लागले होते.

२४/
खरी क्रांती मात्र एका छोट्या परिपत्रकाने केली. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम वजा होणे हा त्या काळचा सार्वत्रिक छळ होता. जुलै २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश दिला: अशी रक्कम १२ कामकाजाच्या दिवसांत परत करा, त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्या. १ जुलै २०११ पासून ही मुदत सात कामकाजाच्या दिवसांवर आली.

२५/
२०१९ च्या आदेशाने ती व्यवहारानंतर पाच दिवसांवर आणली, इतर डिजिटल व्यवहारांनाही अशा मुदती घालून दिल्या आणि भरपाई ग्राहकाने न मागताच द्यावी, असे बजावले. रक्कम क्षुल्लक आहे, पण तिच्यामागचे तत्त्व क्षुल्लक नाही. प्रतीक्षेला प्रथमच दर लागला, आणि तो दर वाट पाहायला लावणाऱ्याने मोजायचा होता. दाराशी बसलेल्याच्या उपासाबरोबर आतल्याचेही जेवण थांबले, ते बऱ्याच काळाने.

२६/
याच वाटेवरचे आणखी एक पाऊल म्हणजे मानसिक त्रासाची भरपाई. तक्रारदाराचा गेलेला वेळ, झालेला खर्च आणि सोसावा लागलेला मनस्ताप यांपोटी एक लाख रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला मिळाला. आधी क्रेडिट कार्डांच्या तक्रारींपुरता, पुढे सर्वच तक्रारींसाठी. 'गेलेला वेळ' हे नुकसान आहे, असे नियमाच्या भाषेत लिहिले जाणे ही काउंटरसमोर ताटकळलेल्या पिढ्यांना उशिरा मिळालेली पावती होती.

२७/
जुलै २०१७ मध्ये पुराव्याच्या भाराचा प्रश्नही हाती घेतला गेला. इलेक्ट्रॉनिक व्यवहारातील फसवणूक तिसऱ्याच कोणामुळे झाली असेल आणि ग्राहकाने बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर त्याची जबाबदारी शून्य. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. ग्राहक जबाबदार आहे, हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. त्या इंग्लिश पोलीस शिपायाला १९९२ मध्ये जे हवे होते, ते हेच.

२८/
नियम आले म्हणून रांग संपते का? याचे उत्तर पुन्हा ब्रिटनमध्ये सापडते. तिथे १ डिसेंबर २००१ पासून विमा, बँका आणि इतर वित्तसेवांच्या वेगवेगळ्या तक्रारव्यवस्था एकत्र करून कायद्याने 'फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिस' सुरू झाली. कंपनीला उत्तरासाठी सर्वसाधारणपणे आठ आठवडे. त्यानंतर ग्राहक तिथे जाऊ शकतो. ग्राहकाला शुल्क नाही. कंपनीला मात्र ठरावीक संख्येपुढच्या प्रत्येक प्रकरणाचे शुल्क द्यावे लागते, निकाल कोणत्याही बाजूने लागो.

२९/
मग आला पीपीआयचा पूर. आजारपणामुळे वा नोकरी गेल्याने कर्जाचे हप्ते थकले, तर ते भरणारा हा विमा. बँकांनी तो कर्जासोबत लाखो लोकांच्या गळ्यात बांधला. ज्यांना त्याचा लाभ मिळणेच शक्य नव्हते, अशा स्वयंरोजगार करणाऱ्यांनाही तो विकला गेला. नव्या नियमांविरुद्ध बँकांची संघटना न्यायालयात गेली आणि एप्रिल २०११ मध्ये हरली. २०१२-१३ या एकाच वर्षात ओम्बुड्समनकडे पाच लाखांहून अधिक नवी प्रकरणे आली. चारांतील जवळपास तीन पीपीआयची.

३०/
हजारो कर्मचारी घेऊनही रांग हटेना. काही तक्रारदारांना दोन वर्षांपर्यंत थांबावे लागले. दाद मागण्याची अखेरची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरली, आणि तोवर व त्यानंतर मिळून ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम बँकांना परत करावी लागली. परताव्यावर वर्षाला आठ टक्के सरळ व्याज देण्याची रीत होती. त्यामुळे ताटकळणाऱ्याचे नुकसान काही अंशी भरून निघाले. ज्यांनी वाट पाहता पाहता डोळे मिटले, त्यांच्या वारसांच्या हाती तो पैसा पडला.

३१/
भारतातही एकत्रीकरण झाले. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी बँका, बँकेतर वित्तसंस्था आणि डिजिटल व्यवहार यांच्यासाठीच्या तीन योजना मिळून एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली. कार्यक्षेत्राची सीमा गेली. पत्राने वा ई-मेलने, कोणत्याही भाषेत लिहिलेली तक्रार चंडीगडच्या केंद्राकडे पाठवता येऊ लागली. लोकपालाने विचारणा केल्यावर बँकेने १५ दिवसांत लेखी म्हणणे मांडायचे, असे बंधन आले. नुकसानभरपाईची मर्यादा, जी २०१७ मध्येच वाढली होती, ती २० लाखांची राहिली.

३२/
पुन्हा तोच नियम प्रत्ययाला आला. २०२२-२३ मध्ये सात लाखांहून अधिक तक्रारी आल्या, २०२३-२४ मध्ये नऊ लाखांहून अधिक. यांतील पुष्कळशा प्राथमिक छाननीतच बाद होतात. त्यामागचे एक नेहमीचे कारण म्हणजे तक्रारदार आधी बँकेकडे न जाता, किंवा ३० दिवस पूर्ण होण्याआधीच, थेट लोकपालाकडे गेलेला असतो. वाट पाहण्याची अट ज्याला ठाऊक नाही, त्याची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उलट, २०२१ च्या योजनेत उत्तर आल्यानंतर एक वर्षाहून अधिक काळ स्वस्थ बसलेल्यालाही दार बंद होते.

३३/
लोकपालाच्या दाराची चौकट कुठे संपते, हे मुंबईने सप्टेंबर २०१९ मध्ये पाहिले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्जे एकाच बांधकाम समूहाकडे अडकली असल्याचे उघड झाले. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. खातेदाराला सहा महिन्यांत मिळून केवळ एक हजार रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. ती मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, पण आयुष्याची पुंजी अडकलेल्यांना तिचा आधार अपुरा होता.

३४/
इथे लोकपाल काय करणार? सेवेतील उणीव हा त्याचा प्रांत. इथे तर खुद्द नियामकाच्या आदेशाने दार बंद झाले होते, आणि नियामकाच्या आदेशाविरुद्ध नियामकाचाच लोकपाल निवाडा देऊ शकत नाही. शुल्कविरहित, वकिलाविना चालणारी ती सारी यंत्रणा या रांगेसाठी नव्हतीच. खातेदार मुंबईच्या रस्त्यावर उतरले, रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांसमोर निदर्शनांसाठी जमले. दोनशे वर्षांनंतर येणेकरी पुन्हा दाराशी येऊन बसला होता.

३५/
त्या बसण्यातूनही काही निष्पन्न झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. २०२१ च्या कायदादुरुस्तीने निर्बंध लागलेल्या बँकेतील विमाधारित ठेव ९० दिवसांत देण्याची तरतूद केली. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ज्यांच्या ठेवी पाच लाखांहून अधिक होत्या, त्यांच्या उरलेल्या पैशांसाठी मात्र दहा वर्षांपर्यंतचे हप्ते ठरले. साठीच्या ठेवीदारासाठी दहा वर्षे म्हणजे काय, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते.

३६/
या साऱ्या इतिहासात संस्थांची नावे बदलतात, पण प्रत्येक सुधारणेचा मजकूर अखेर एका आकड्यावर येऊन थांबतो. १२ दिवस, ७ दिवस, ५ दिवस, १५, ३०, ९० दिवस, आठ आठवडे. पृष्ठभागावर हे आकडे रुक्ष वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक आकड्यामागे कोणी ना कोणी अमर्याद ताटकळले होते, आणि त्या ताटकळण्याला सीमा घालण्यासाठी कोणाला तरी भांडावे लागले होते.

३७/
म्हणून आज लोकपालाच्या निकालाची वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातात जो तक्रार क्रमांक असतो, तो क्षुद्र नाही. पहिल्या तक्रारीची तारीख, तिची पोचपावती आणि दिवसांची मोजणी या तीन गोष्टी त्याच्यापाशी असतील, तर वेळ त्याच्या बाजूने साक्ष देऊ लागतो. त्या नसतील, तर वेळ बँकेचा राहतो.

३८/
शिंद्यांच्या छावणीत दाराशी बसलेल्याला आपल्या उपासाखेरीज दुसरे शस्त्र नव्हते. स्टॉकहोमच्या राज्यघटनेने त्याच्या जागी एक प्रतिनिधी बसवला. आपल्याकडे त्या प्रतिनिधीला लोकपाल म्हणतात. आतला माणूसही आपल्यासोबत वाट पाहतो आहे, आणि त्या प्रतीक्षेची किंमत त्यालाही मोजावी लागते आहे, एवढे ज्या दिवशी खातेदाराला खात्रीने म्हणता येईल, त्या दिवशी ही व्यवस्था आपल्या नावाला पुरती उतरेल.

(समाप्त)